सीलबंद जपानीण

तुळशीदास गुरुजींच्या मोटारसायकलला पोटाखाली चार नळ्या होत्या आणि चारही नळ्यांची तोंडं सताड उघडी होती. पुढे जे रामायण घडलं ते एवढ्यावरून.

आता पोटाखाली नळ्या असणं हा काही गाडीचा दोष नव्हे. गाडी जपानी होती. जव्हारहून बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी जाताना ती गुरुजींना दिली, तेव्हाच तिनं पंचविशी ओलांडली होती. टाकीवरचं नाव झिजून झिजून पुसलं गेलं होतं आणि दिवा लावला की हॉर्नचा आवाज सर्दी झाल्यासारखा यायचा. पण इंजिन मात्र कसं, चुलीवर पेज रटरटावी तसं चालायचं. गुरुजी तिला नुसतं ‘गाडी’ म्हणत. आळीतले लोक ‘गुरुजींची जपानी’ म्हणत. आणि गुरुजींच्या घरच्या, जयवंतीबाई, ‘तुमची जपानीण’ म्हणत. हा शब्द त्या विशेषकरून गुरुजी गाडी पुसायला बसले आणि पाणी भरायचं राहिलं, अशा सकाळी वापरत.

या चार नळ्यांतून थेंब गळायचे. दोन बारीक नळ्या कार्बोरेटरच्या दोन्ही अंगांनी खाली आलेल्या, तिसरी त्याच्या बुडातून, आणि चौथी जाडजूड, थेट इंजिनाच्या पाठीतून निघालेली. गाडी रात्रभर ओट्यावर उभी राहिली की सकाळी खाली डाग दिसे. पेट्रोलचा डाग उडून जाई. पण जाड नळीतून तेल आणि पाण्याचं मिळून जे काही पडे, ते जायचं नाव घेत नसे.

ओटा गुरुजींचा असता तर गोष्ट तिथेच संपली असती. ओटा मधुकररावांचा होता. मधुकरराव म्हणजे घरमालक, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी नुकत्याच दिवाळीला ओट्यावर लाद्या बसवल्या होत्या. आणि त्याही पांढऱ्या.

मधुकररावांच्या पत्नी वनमालाताई एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गुरुजींनी माफी मागितली असती, पोतं अंथरलं असतं, विषय मिटला असता. पण त्या रोज सकाळी रांगोळीची वाटी घेऊन येत आणि तो डाग मधोमध धरून त्याच्याभोवती कमळ काढत. येणारीजाणारी विचारी, “ताई, कमळाच्या मध्ये एवढा काळा रंग कुठून आणलात?”

“आमच्या गुरुजींकडून,” वनमालाताई शांतपणे सांगत.

शिवी दिली तर माणूस उलट बोलू शकतो. कमळाला काय उत्तर देणार? गुरुजी पंधरा दिवस मागच्या दाराने ये-जा करत होते.

शेवटी मधुकररावांनीच त्यांना गाठलं. “गुरुजी, तेहतीस वर्षं सरकारी नोकरी केली. एकच गोष्ट शिकलो. जे उघडं असतं ते गळतं. आणि जे गळतं ते बंद करावं.”

“कशाने बंद करू?”

“ते मी कसं सांगू? मी महसूल खात्यातला.”

हा सल्ला गुरुजींना मनापासून पटला. त्याला कारणही होतं. गुरुजी मूळचे साखरशेतचे. घरात भात आणि नाचणी. कणगीत धान्य भरलं की त्यांचा बाप तिचं तोंड शेणामातीने असं लिंपून टाकी की वर मुंगीने डोकं आपटलं असतं. पुढे शिक्षक झाल्यावर गेली बावीस वर्षं ते मुलांना ‘पेनाला टोपण लावा, मडक्यावर झाकण ठेवा, दाराला कडी घाला’ हेच सांगत आले होते. उघडं तोंड त्यांना सहन होत नसे, मग ते मडक्याचं असो की मुलाचं.

आणि बंद करण्याचं साहित्य घरातच होतं. दोन वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गुरुजी मतदान केंद्राध्यक्ष होते. मतपेट्या सीलबंद करून झाल्यावर लाखेची दीड कांडी उरली. गुरुजी प्रामाणिकपणे ती परत द्यायला गेले, तर कारकुनाने साहित्याची यादी तीनदा चाळली आणि म्हणाला, “गुरुजी, यात ‘उरलेली लाख’ असा रकाना नाही. रकाना नाही तर वस्तू नाही. घेऊन जा.” तेव्हापासून ती लाख गुरुजींच्या ट्रंकेत होती आणि सरकारी वस्तू घरात आहे म्हणून त्यांच्या मनाला टोचत होती. आता तिला काम मिळालं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी हा समारंभ झाला. गुरुजींनी सागाच्या काडीच्या चार खुंट्या तासल्या, एकेक नळीत ठोकून बसवली, वरून दोरा गुंडाळला, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि लाख मऊ आहे तोवर तिच्यावर रुपयाचं नाणं दाबलं. सिंहाची बाजू. मतपेटीच्या सवयीने हात आपोआप तसाच चालला. जयवंतीबाई मेणबत्ती धरून उभ्या होत्या.

“उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मी सही करू का कुठं?” त्यांनी विचारलं.

“चेष्टा नको. मेणबत्ती सरळ धर.”

मग गुरुजींनी उरलेली लाख गाडीच्या हत्यारांच्या डबीत टाकली आणि त्या सीलबंद नळ्या वर दुमडून बाजूच्या पत्र्याआड नीट बांधून ठेवल्या. लोंबणाऱ्या गोष्टीही त्यांना आवडत नसत.

दुसऱ्या दिवशी ओटा कोरडा ठणठणीत. वनमालाताई रांगोळीची वाटी घेऊन बराच वेळ नुसत्याच उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी साधी चार बोटं ओढली. गुरुजी त्या दिवशी पुढच्या दाराने निघाले, मान ताठ करून.

ती मान दुसऱ्या किलोमीटरला खाली आली. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गुरुजींनी किका मारल्या. खाली उतरून मारल्या, चढून मारल्या. दहा मिनिटांनी, जणू काही झालंच नाही अशी, ती पहिल्या किकेला सुरू झाली. पुन्हा दोन किलोमीटर. पुन्हा बंद.

गुरुजींची शाळा मोखाडा तालुक्यातल्या एका वाडीवर होती, मोखाड्याच्या वाटेवर फाट्यावरून आत. दोन-दोन किलोमीटरच्या या हप्त्यांनी गुरुजी शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना होऊन हजेरीही संपली होती. दुसऱ्या शिक्षिका हर्षदा मॅडम घड्याळाकडे पाहून हसल्या. गुरुजींना त्या हसण्यात कमळ दिसलं.

त्यानंतरचे तीन आठवडे आळीने गुरुजींना अतिशय प्रेमाने सल्ले दिले. कोणी सांगितलं, पेट्रोलमध्ये रॉकेल आहे. कोणी सांगितलं, रॉकेल नाही हाच दोष आहे, जुन्या गाडीला थोडं लागतं. एका बँकवाल्यांचं मत पडलं की जपानात सगळं सपाट असल्यामुळे या गाडीला आपले चढ मानवत नाहीत. गुरुजी भूगोल शिकवत असल्याने त्यांनी जपान डोंगराळ असल्याचं नम्रपणे निदर्शनाला आणलं. “मग तर तिला घरची आठवण येत असेल,” बँकवाले म्हणाले. जयवंतीबाईंनी हँडलला लिंबू-मिरची बांधली. त्याने एवढंच झालं की गाडी बंद पडली की लिंबू हलायचं थांबलेलं दिसे.

मधुकररावांचा सल्ला त्यातल्या त्यात शास्त्रीय होता. “टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं असेल. हवा मिळाली नाही की पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल ठेवून पाहा.” गुरुजींनी सैल ठेवलं. गाडी दोन किलोमीटरवर पडायची ती पडलीच, आणि वर खड्ड्याखड्ड्याला पेट्रोल उसळून पँटवर सांडलं. त्या दिवशी चौथीचा वर्ग कविता म्हणताना नाक धरून म्हणत होता.

मधुकरराव बिचारे सत्याच्या किती जवळून गेले होते हे त्यांना कळलं नाही, आणि गुरुजींनाही नाही. टाकीतून पेट्रोल खाली कार्बोरेटरच्या वाटीत उतरतं आणि त्या वाटीतून इंजिनात ओढलं जातं. टाकीला हवा लागते तशीच वाटीलाही लागते. टाकीचं भोक झाकणात. वाटीचं कुठे, हा प्रश्न आळीत कोणी विचारला नाही.

त्यात भरीस भर म्हणजे इंजिन चहूबाजूंनी पाझरायला लागलं. इतके दिवस एका नळीतून थेंबभर तेल पडायचं, आता प्रत्येक सांध्यातून घाम फुटल्यासारखं यायला लागलं. ‘चार नळ्या बंद केल्या तरी ही अवस्था,’ गुरुजी मनात म्हणाले, ‘केल्या नसत्या तर काय झालं असतं!’

एसटी स्टँडजवळ भिकाचं गॅरेज होतं. भिका हाताने सोनं आणि तोंडाने अबोल. गुरुजी गाडी ढकलत नेत, भिका वाटी खोलून साफ करी, परत बसवी, आणि गाडी सुरू होऊन गॅरेजसमोर दहा मिनिटं गुरगुरत राही. वाटी खोलली की आत हवा जाणारच. पण हे कोणाच्या ध्यानात येणार? “बगा गुरुजी, दवाखान्यात आली का बरी हुते. मानसावानी.” पैसे मात्र तो एकदाच घेई. पण प्रत्येक वेळी निघताना तो गाडीच्या कुशीत कुठेतरी वाकून बघे आणि हळूच विचारी, “गुरुजी, गाडीची कोरटाबिरटाची भानगड नाय ना काय?”

“छे! कागदपत्रं स्वच्छ आहेत!” गुरुजी दुखावून म्हणत. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कोणी असं विचारलं नव्हतं.

“नाय, सहज इचारलं,” भिका म्हणे आणि पान्याला फडकं पुसत बसे.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर गुरुजींनी गाडी विकून टाकली असती आणि आळी नव्या विषयाकडे वळली असती. पण मध्येच सकूचं प्रवेशपत्र आलं.

सकू चौथीत. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला वाडीवरून सात मुलं बसत होती, आणि त्यात सकू अशी की गणित फळ्यावर लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार. तिचे आईबाप दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेले होते. दरवर्षी तीही जायची. यंदा गुरुजींनी दोन संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसून बापाला समजावलं आणि आजीने, म्हणजे कोंडीने, “माझ्याकडं राहील पोर” म्हणून शब्द दिला. कोंडी शाळेत खिचडी शिजवायची. आईबापांवाचून चार महिने सकू राहिली ती या एका रविवारासाठी.

आणि प्रवेशपत्रावर तिचं जन्मसाल एकोणीसशे चौऱ्याण्णवऐवजी छापलं होतं दोन हजार चार, म्हणजे चालू साल. एका आकड्याच्या नाही, तीन आकड्यांच्या चुकीने सकू दहा वर्षांनी लहान झाली होती.

शनिवारी गुरुजी मोखाड्याच्या शिक्षण कार्यालयात गेले. टेबलामागच्या कारकुनाने कागद दूर धरून पाहिला. “गुरुजी, ही मुलगी चाळीस दिवसांची आहे.”

“साहेब, ती दहा वर्षांची आहे. छपाईची चूक आहे.”

“कागद चाळीस दिवस म्हणतो. मी कागदाच्या बाहेर कसा जाऊ? उद्या इथल्या केंद्रावर साडेदहाच्या आत शाळेचं मूळ जनरल रजिस्टर आणा. केंद्रसंचालकांनी नोंद पाहिली तर बसेल. साडेदहानंतर यादी बंद.” मग त्याने जरा मऊ होऊन विचारलं, “चाळीस दिवसांची असती तर तुम्ही काय केलं असतं हो?”

“बारसं,” गुरुजी म्हणाले.

वाटेत शाळेतून रजिस्टर घेऊन ते त्या संध्याकाळी जव्हारला परतले. सकाळच्या आठच्या एसटीने सहज पोचता येणार होतं. पण रविवारी स्टँडवर कळलं की आठची गाडी वऱ्हाड घेऊन गेली आहे. जीपवाले पण लग्नालाच. गुरुजी घरी धावत आले, रजिस्टर धोतराच्या पानात गुंडाळून पोटाशी बांधलं आणि जपानीणीसमोर उभे राहिले.

जयवंतीबाई बाहेर आल्या. त्यांनी गाडीच्या टाकीवर हात ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोलल्या. “बाई, आजच्या दिवस जा गं. पोरीचा प्रश्न आहे.”

वाटेत गुरुजींनी मनातल्या मनात काळ-काम-वेगाचं गणित मांडलं. पंचवीस किलोमीटर, दर दोन किलोमीटरला दहा मिनिटांची विश्रांती. असलं गणित त्यांनी आजवर शेकडो मुलांना घातलं होतं, पण त्यातला माणूस नेहमी दुसराच असायचा. वाडीच्या फाट्याजवळ गाडी जी पडली ती पाचव्या, दहाव्या, पंधराव्या मिनिटालाही उठेना. घड्याळात दहाला पाच कमी. अजून आठ किलोमीटर.

फाट्यावर आंब्याखाली कोंडी बसली होती. शेजारी फडक्याने बांधलेलं मोठं ॲल्युमिनियमचं टोप.

“कोंडीबाई, तुम्ही इथेच? मुलं?”

“गेली म्याडमसंगती जिपड्यातून. मला नाय घेतली. डायव्हर बोलला, मानसं टपावर बसवीन पर टोप कुठं ठेवू? पोरांचा भात हाय त्याच्यात, दुपारचा. बसली मी दुसऱ्या जिपड्याची वाट बगत.” तिने गुरुजींच्या पोटाकडे पाहिलं. “आनि रजिस्टर?”

गुरुजींनी पोटावर हात ठेवला. “इथेच आहे,” ते म्हणाले. कोंडीला सगळं कळलं. ती उठली आणि गाडीजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“त्याल हाय का हिच्यात?”

“टाकी अर्धी भरलीय.”

“मंग खाली उतरत नाय?”

“उतरत नाही असंच दिसतंय.”

“कचरा अडकला आसल.”

“भिकाने तीनदा साफ केलं, बाई.”

कोंडी वाकली. टाकीपासून नळीबरोबर नजर खाली आणत तिने कार्बोरेटरला बोट लावलं. “ह्यो बारका डबा?”

“हो. त्यात पेट्रोल येतं.”

“मंग ह्याला दुसरं भोक कुठं हाय?”

इथे जरा मागे जायला हवं. मागच्या पावसाळ्यानंतर शाळेत तेलाचा पहिला पंधरा किलोचा डबा आला, तेव्हा कोंडीने त्याला खिळ्याने एक भोक पाडून तो वाकडा केला होता. तेल गचके खात आलं, थांबलं, पुन्हा गचका मारून निम्मं जमिनीवर गेलं. गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांना राग यायच्या ऐवजी आनंद झाला. तिसरी-चौथीच्या मुलांना अंगणात बोलावून त्यांनी चुलीजवळच हवेचा धडा घेतला. वाकलेला डबा हातात धरून कोंडी पाऊण तास उभी. शेवटी गुरुजींनी समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि तेलाची धार कशी दोरीसारखी सरळ पडली! मुलं ओरडली, “एकातून तेल, एकातून वारा!” कोंडी तेव्हा पुटपुटली होती, “खिचडी करपली तरी चालंल, मास्तराचा धडा नाय ऱ्हायला पायजे.” पण तो खिळा तिने शाळेच्या किल्लीच्या दोरीला बांधून ठेवला होता.

आता फाट्यावर तुळशीदास गुरुजी त्या प्रश्नासमोर उभे होते. आणि ज्या क्षणी प्रश्न कळला त्याच क्षणी उत्तरही कळलं, आणि उत्तर कळल्यावर त्यांना रस्त्यावर बसावंसं वाटलं.

“आहे पण...” ते म्हणाले. “म्हणजे होतं. मी बुजवलं.”

“कोनी?”

“मी.”

कोंडीने त्यांच्याकडे पाहिलं. ती हसली असती तरी चाललं असतं, पण ती हसली नाही. तिने कमरेची किल्लीची दोरी सोडली आणि खिळा पुढे केला. “घ्या. लौकर.”

गुरुजींनी पत्र्याआडच्या नळ्या ओढून काढल्या. चार लाल शिक्के, सिंहांसकट, अजून अभंग होते. मतपेटी म्हणून पाहिलं तर काम अव्वल होतं. त्यांनी खिळ्याने पहिलं सील फोडलं, खुंटी उपसली, आणि आतून ‘फुस्स’ असा लांब निःश्वास आला. तो गाडीचा होता की गुरुजींचा हे सांगणं कठीण. दुसरं, तिसरं. चौथी जाड नळी उघडली तेव्हा इंजिनाने तीन आठवडे कोंडलेली ढेकर दिली आणि गुरुजींच्या सदऱ्यावर कॉफीच्या रंगाचा एक पट्टा ओढला. वनमालाताई असत्या तर त्यांनी त्याभोवती कमळ काढलं असतं.

जपानीण पहिल्या किकेला सुरू झाली.

“बसा मागे,” गुरुजी म्हणाले.

“मी? फटफटीवर?”

“टोपासकट बसा. मुलांना जेवायला नको?”

मोखाड्याच्या रस्त्याने त्या दिवशी जे दृश्य पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. पुढे पोटाशी रजिस्टर बांधलेले, छातीवर तेलाचा पट्टा आल्याने जखमी शिपायासारखे दिसणारे गुरुजी. मागे एका हाताने टोप मांडीवर धरलेली आणि दुसऱ्या हाताने गुरुजींची कॉलर धरलेली कोंडी. वळणावर गुरुजी विचारत, “बाई, ठीक आहे ना?” आणि मागून उत्तर येई, “पुडं बगा!” दोन किलोमीटर झाले. गुरुजींनी श्वास रोखला. तीन झाले. चार झाले. पाचव्या किलोमीटरला गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते वाऱ्यामुळे असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दहा वाजून बावीस मिनिटांनी त्यांनी रजिस्टर केंद्रसंचालकांच्या टेबलावर ठेवलं. संचालकांनी नोंद पाहिली, सकूला आत पाठवलं आणि मग म्हणाले, “गुरुजी, याची खरी नक्कल लिहून सीलबंद पाकिटात द्यावी लागेल. पण अडचण अशी की आमची लाख प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना संपली.”

गुरुजी बाहेर गेले, गाडीच्या हत्यारांच्या डबीतून उरलेली लाखेची कांडी काढली आणि आणून दिली. दोन वर्षं त्यांच्या मनाला टोचणारी ती लाख अखेर सरकारी कामाला लागली. ज्या वस्तूला रकाना नव्हता तिला जागा मिळाली. पाकिटावर लाख ओतताना गुरुजींना जगातल्या सगळ्या कारकुनांबद्दल माया वाटली.

दुपारी सकू बाहेर आली. गुरुजी आणि कोंडी पुढे झाले.

“कसा गेला पेपर?”

“बरा गेला,” सकू म्हणाली आणि तिने आजीचा हात धरला. “आजी, तू खरंच फटफटीवर बसलीस? पडली नाय?”

त्यापुढे पेपरबद्दल कोणाला काही विचारता आलं नाही. सातही मुलांना भात वाढता वाढता कोंडीने वळणावळणाची हकिगत सांगितली आणि तिच्यात दर घासाला गाडीचा वेग वाढत गेला.

परतताना गुरुजी भिकाच्या गॅरेजसमोर थांबले. “भिका, एक खरं सांग. त्या नळ्यांवरची सीलं तू पाहिली होतीस?”

“बगितली ना. पयल्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीस?”

भिकाने इकडेतिकडे पाहिलं. “गुरुजी, लाल लाख, वर सिंव्हाचा शिक्का. मी मनात बोललो, ही आरटीओनं नायतर कोरटानं सील केलीय. सरकारी सील फोडला का आत घालत्यात. म्हनून तर तुमाला दर टायमाला इचारत हुतो.”

 हा माणूस तीन आठवडे गुरुजींची अब्रू जपत होता आणि ते त्याच्यावर रुसले होते. त्यांनी भिकाच्या काळ्या हाताला हात मिळवला. सदरा तसाही गेलाच होता.

घरी आल्यावर ते आधी वनमालाताईंपुढे गेले. नळ्या उघड्या राहणं कसं जरुरीचं आहे हे त्यांनी वाटी, पेट्रोल आणि हवा यांच्यासह समजावून सांगितलं, आणि मान खाली घालून म्हणाले, “तेव्हा ताई, उद्यापासून ओटा पुन्हा खराब होईल. गाडी मी रस्त्यावर लावीन.”

“काही नको,” वनमालाताई म्हणाल्या. “तीन आठवडे रांगोळीला मध्यच सापडत नव्हता.”

“मी म्हणतच होतो, हवा!” आतून मधुकरराव ओरडले. गुरुजींनी त्यांचेही आभार मानले. जयवंतीबाईंनी मात्र जाड नळीखाली नारळाची करवंटी ठेवली. “जपानीण पाहुणी असली तरी,” त्या म्हणाल्या, “पान मांडून ठेवलेलं बरं.” लिंबू-मिरची त्यांनी काढली नाही. यश कोणामुळे आलं हे अजून पुरतं सिद्ध झालं नाही, असं त्यांचं म्हणणं.

सोमवारी गुरुजी प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं शाळेत पोचले. खिचडीच्या खोलीत तेलाचा नवा डबा आला होता. गुरुजींनी सगळ्या मुलांना अंगणात बोलावलं आणि म्हणाले, “आज हवेचा धडा कोंडीबाई घेतील. मला जे येत होतं आणि जे मी विसरलो, ते त्यांनी लक्षात ठेवलं.” मुलं मांडी घालून बसली. गुरुजीही त्यांच्यात, शेवटच्या ओळीत, सकूच्या शेजारी मांडी घालून बसले.

कोंडीने पदर खोचला, डबा पुढे ओढला आणि कमरेची दोरी सोडली. पण भोक तिने पाडलं नाही. तिने तो खिळा शेवटच्या ओळीकडे धरला.

“गुरुजी, तुमी या. तुमी पाडा,” ती म्हणाली. “दोन.”